काकांचा अर्धा कप

मंगळवार, एप्रिलअखेर

काका दूध सोसायटीचे चेअरमन, यंदा पुन्हा उभे आहेत. मतदारांची यादी घेऊन आज त्यांच्याबरोबर आष्टीजवळच्या वस्त्यांवर फिरलो. ऑपरेशन करून त्यांचं जठर लहान केल्याला दीड वर्ष झालं. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले. फक्त गोड चहा सोसत नाही. चौथ्या घरी त्यांना घाम फुटला, छाती धडधडू लागली. पण टँकरच्या पाण्याचा चहा नाकारायचा कसा? आणि ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनीच मला बजावलेलं. लोक आधीच म्हणतात, चेअरमन आजारानं वाळले. त्यात ऑपरेशनचं कळलं, तर मत कोण देणार? दोन घरी त्यांचा चहा मीच गुपचूप प्यायलो. बरोबर केलं का?

पाचव्या घरी सखूबाईंनी तो घाम पाहिला, भरलेला कपही पाहिला.

"आमचा चहा चालंना व्हय, चेअरमन?"

"तसं न्हाई, मावशे. आपरेशन करून पोट बारकं केलंय. गोड सोसंना."

"आन् आमी म्हणत होतो, तुमी पुढच्या साली दिसायचे न्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आर्धा कप आधीच सांगायचा की, बाबा. पाणी काय उगं येतंय?"

काका हसले. गुपित फुटलं म्हणून मी मात्र यादी चाळली. बरीच घरं अजून राहिली होती.

पुढच्या वस्तीवर पोचलो, तर बातमी आमच्या आधी गेलेली. काकांपुढे अर्धा कप आला, बिनसाखरेचा. मताचं कुणी काही बोललं नाही. काकांनी तो सावकाश, पुरता संपवला.