बिनगाठीची शिवण

३ मार्च

ती. बाबांना,
सूनबाईचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्ही ‘बरंय’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. या रानालगतच्या गावात आमचं सामान लागलं. तुम्ही म्हणाला होतात तसं अजून तरी आम्हाला कुठल्या जनावराने खाल्लेलं नाही. शहरात खिडकी उघडली की समोरच्यांचे पाइप दिसायचे. इथे उघडली की फांदीच आत येते. आधी मी ती बाहेर ढकलायचे, आता तिच्या कलाने खिडकी लावते. शांतता मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही. कान उगीच काहीतरी शोधत बसतात.

मला इथल्या चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. तुमचे चिरंजीव रोपवाटिकेत रमलेत, नखांत माती घेऊनच जेवायला बसतात. तुमचं शिवणकामाचं दुकान त्यांनी पुढे चालवलं नाही याचा तुमचा राग त्यांना ठाऊक आहे. रोज तुमची चौकशी करतात, पण ‘पत्रात लिही’ असं काही म्हणत नाहीत.

तुम्ही शिवलेला फ्रॉक तुमच्या नातीला, चिमीला, इतका आवडला की तो घालूनच झोपली. एक विचारू? पांढऱ्या फ्रॉकला पांढरी बटणं आणि ती लावायला पिवळा दोरा, ही नवी फॅशन का?

आणि एक गंमत. खिडकीखालच्या झुडपात एक एवढासा हिरवट पक्षी चक्क पानं शिवतोय. कडा जवळ घेतो, चोचीने भोकं पाडतो, त्यातून धागा ओढतो. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, याचं नावच शिंपी. म्हटलं, मग हे तर आमच्या बाबांच्या धंद्यातले, त्यांना कळवलंच पाहिजे.

लोभ इतक्या लांबूनही पातळ होऊ देऊ नका.
तुमची सून


१० मार्च

चि. सूनबाईस,
सासऱ्याचे पोटभर आशीर्वाद. चिमीला पापा.

पिवळा दोरा ही फॅशनच आहे. तुम्हा रानात राहणाऱ्यांना कशी कळावी?

पाखराचं लिहिलंस ते अर्धवट. उभा जन्म मशीनवर गेला, मला असं मोघम चालत नाही. टाका कसला, धावदोरा की टीप? धागा आणतं कुठून? आणि मुख्य म्हणजे, शेवटी गाठ मारतं का? बिनगाठीची शिवण पहिल्या धुण्यात उसवते. नीट बघून लिही, अंदाजपंचे नको. एक बरं, त्याला सुई ओवावी लागत नाही. नशीबवान आहे.

इकडे काम भरपूर. परवा जिन्यात जरासा घसरलो, लागलं काही नाही. हल्ली तिथला दिवा फार अंधुक झालाय.

तुझा नवरा जेवतो ना वेळेवर? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.
माया आहेच, लिहून दाखवायची सवय नाही.
बाबा


२२ मार्च

ती. बाबांना,
नमस्कार, आणि आज थोडं भांडण.

आधी पाखराचं. दुकानातली दुर्बीण आणून खिडकीशी बसले, भाजी करपली. शिवते ती मादी. धागा कधी कोळ्याच्या जाळ्याचा, कधी कापसाचा. गाठ नाही, बाबा! भोकातून ओढलेला धागा पलीकडे पिंजून फुलतो आणि तिथेच अडकतो. नर शेजारच्या फांदीवर बसून नुसता ओरडतो. आता आत अंडी आहेत.

आता भांडण. तुमच्या दुकानाशेजारच्या न्हाव्यांना मी फोन केला. ते म्हणाले, जिन्यातला दिवा नवा कोरा आहे आणि तुमची सुई रोज तेच ओवून देतात. बाबा, पिवळा दोरा तुम्हाला पांढरा दिसला. असे डोळे मी रोज बघते. हा मोतीबिंदू दिसतोय. इथले डॉक्टर चांगले आहेत, तुम्ही इकडे या.

तुम्ही घसरल्याचं वाचून हे ताटावरून उठले आणि आमच्या पायऱ्यांना कठडा ठोकत बसले. बाबांना या म्हणून लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मी बोलावलं तर येणार नाहीत, तू बोलाव. म्हणून बोलावतेय.

रागवायचं तर इथे येऊन रागवा.
तुमची सून


३० मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

त्या न्हाव्याच्या पोटात काही राहत नाही. वस्तराच काय तो त्याला जपून चालवता येतो.

नर नुसता ओरडतो हे वाचून हसलो आणि मग हसू गेलं. काज-बटणं तुझ्या सासूबाई करायच्या आणि मी ओरडायचो. ती गेल्यावर दुकानात ओरडायलाही कोणी उरलं नाही.

डोळ्याला कोणी हत्यार लावणार याची मला भीती वाटते. हे तुलाच सांगतो. पण गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची एक बाही परवा मी उलटी जोडली. तो सभ्य माणूस, काही बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

येतो. गाठ नसल्याचं माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. स्टेशनवर घ्यायला कोण येणार ते तुमचं तुम्ही ठरवा.
बाबा


१४ मे

चि. सूनबाईस,
तुझ्याच घरातून तुला आशीर्वाद.

तू शहरात चष्म्याच्या कामाचं शिक्षण घ्यायला माझ्या खोलीत, आणि मी इथे तुझ्या खिडकीत. असा उलटा कारभार कोणी पाहिला नसेल! नळाची चकती बदलली का? नाही तर टपटप ऐकत बसशील.

परवा ऑपरेशनची पट्टी निघाली. पाखरं त्याआधीच उडून गेली, घरटं तेवढं सापडलं. फिरवून फिरवून पाहिलं. गाठ नाही. मानलं. चिमी रोज मला काहीतरी आणून दाखवते आणि हे काय म्हणून विचारते. मला ठाऊक नसतं, मग दोघं मास्तरीणबाईंकडे जातो. या वयात मला शाळेत घातलंय पोरीने.

पण पट्टी निघाली तेव्हा आधी दिसलं ते वेगळंच. तुझा नवरा समोर वाकून विचारत होता, बाबा, दिसतंय का? त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत गं. कधी झाले? मी म्हटलं, दिसतंय. रिक्षात त्याने माझा हात धरला तो घरापर्यंत. नखांत माती होती. मी हात सोडवला नाही.

काल त्याच्याबरोबर रोपवाटिकेत गेलो. ऊन लागू नये म्हणून रोपांवर बांधलेली जाळी जागोजागी फाटली आहे. रफू येतं का कोणाला, म्हणून विचारलं, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

पुढच्या आठवड्यात निघण्याआधी माझं मशीन ट्रकने इकडे पाठवून दे. पायाने चालवायचा पायटा नीट बांध. न्हाव्याला त्याचं दुकान वाढवायचंच होतं, माझं त्याने घ्यावं. खोली झाडून काढ आणि किल्ली घरमालकाला देऊन टाक.

सावकाश ये. आम्ही तिघं स्टेशनवर असू.
बाबा