पुलाला दिलेलं माप

४ सप्टेंबर
बेस्ना, जाऊबाई, ही वही तुझ्यासाठी आहे, हे तू वाचेपर्यंत विसरलेली असशील. मला निरोप द्यायला आलीस तेव्हा एका पायात तुझा जोडा होता आणि दुसऱ्यात नवऱ्याचा. म्हणून सगळं लिहून ठेवतेय. म्हणजे बोलतेय मी, लिहितेय आपली हेलीन. नात शाळेत बाई झाली, पण तिचं पेन माझ्या जिभेच्या मागे लंगडत येतं. हे वाक्य लिहिताना तिनं नाक मुरडलं.

तिच्या शाळेचं हे नवं गाव झकास आहे. दारातून दगडी पूल दिसतो, तीन कमानींचा. उस्ताद तेमो मधली कमान दुरुस्त करतोय. तो सांगतो, कडेच्या दोन कमानी आजोबा-पणजोबांच्या आधीपासून हलल्या नाहीत, मधली मात्र दर पिढीला ढासळते. आपल्या धाकट्या जावेसारखी.

९ सप्टेंबर
हेलीनचा लग्नाचा झगा बेतला. मला आकडे कुठले येणार? टाच ते टाळू लोकरीचा दोरा धरते, कमरेला एक गाठ, खांद्याला एक. कापड कापून झालं आणि तेमो दारात उभा. ओळंब्याचा दोरा तुटला, आजी, एखादा असला तर द्या, म्हणाला. तोच दिला. गाठी चाचपून त्यानं विचारलं, कुणाचा? नातीचा, म्हटलं. त्यानं दोरा कपाळाला लावला. मला वाटलं, काय सभ्य माणूस.

१७ सप्टेंबर
झगा शिवून झाला, तर चार बोटं लांब. आजी, तुझे डोळे गेले, म्हणून पोरगी हसली. मी दुमडून शिवला.

२२ सप्टेंबर
पुन्हा जमिनीवर लोळतोय. कापड वाढत नाही, बेस्ना.

नदीवर लोकर धुताना बायकांना सांगितलं, तर हात थांबले सगळ्यांचे. गिरणीवाली गोझे म्हणाली, इथं गवंड्याला कुणी घरातला दोरा देत नाही, बाजारातून दोरी आणायला लावतात. मधल्या कमानीला माणसाचं माप लागतं. मागच्या खेपेला लोहाराची सून गेली, त्याआधी एक मेंढपाळ. माप दगडात गेलं की माणूस दिसामासी घटतं. चाळीस दिवसांत पाळण्यात मावतं, मग पाळणाही रिकामा.

सांगण्याच्या भरात विसरले की लिहितेय तीच. पेन थांबलंय.

२६ सप्टेंबर
हेलीन म्हणते, अडाण्यांच्या गोष्टी. पण दाराची कडी तिला चवड्यांवर उभं राहून काढावी लागते.

तेमोला गाठलं. नाकारलं नाही त्यानं. शाळेची पोरं याच पुलावरून जातात, कमान पडली तर वीस घरं रडतील, म्हणाला. तुम्ही नवख्या, तुमच्यामागे इथं कोण विचारणार होतं? थुंकले त्याच्या जोड्यावर. दगड काढ, म्हटलं. काढतो, म्हणाला, पण ती खाच रिकामी राहत नाही.

३ ऑक्टोबर
फळ्याला हात पोचत नाही तिचा. साखरपुड्याची अंगठी पिठात सापडली. पोरगी माझ्या कमरेला लागते आता — आणि मला कुशीत घे म्हणाली, लहानपणी म्हणायची तसं —

६ ऑक्टोबर
नवा दोरा वळला. टाच ते टाळू, माझा. हेलीन लिहीत नाही. लिही. लिही म्हणते ना.

तेमो म्हणाला, म्हातारं माप लवकर सरतं, कमान फार वर्षं धरणार नाही. म्हटलं, चार पोरं आणि एक आळशी नवरा धरला याच हाडांनी.

माझा दोरा खाचेत गेला. तिचा बाहेर आला — ओला — वीतभर उरलेला —

११ ऑक्टोबर
आखूड करून दिलेल्या तिच्या बाह्या पुन्हा मनगटाच्या वर आल्यात. माझे जोडे — नको, ते लिहू नकोस.

१८ ऑक्टोबर
हेलीनच्या मांडीवर बसून सांगतेय. पाय खाली पोचत नाहीत. भीती वाटते, बेस्ना — पुलाखालून कुणी दोरा ओढतंय, एकेक गाठ —

तू येऊ नकोस. अक्रोड पाठव, सुकी अंजिरं पाठव, पोरीची हाडं भरायला हवीत. तूप मेंढीचंच दे, गाईचं नको, आणि मडक्याचं तोंड नीट —