रस्त्याच्या बाजूची खोली

अहो,

शहरात भाच्याकडे उतरलो असतो तर घरचं जेवण, शांत झोप आणि तुमच्या डोळ्यांचा दवाखाना हाकेच्या अंतरावर, एवढं पदरात पडत होतं. ते सोडून तुम्ही भर बाजारातला लॉज धरलात. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि गुडघे तर तुमचेच. "स्टेशन जवळ पडतं," म्हणालात. मी मान डोलावली.

आज गरम पाण्याचं विचारायला मी लॉजवर फोन केला. मॅनेजर म्हणाला, "काकू, निश्चिंत या. काकांनी बजावलंय, खोली रस्त्याच्या बाजूचीच हवी, सलूनच्या बरोब्बर समोरची." मी पेपरचं पान उलटलं तरी ज्यांची झोप मोडते, त्यांना आता हॉर्न ऐकत झोपायचंय!

लेकीने सलून काढलं म्हणून दोन वर्षं तिच्याशी बोलला नाहीत. आता पडद्याआडून बघून गुपचूप परत यायचा बेत दिसतो. मग इतके दिवस केस का कापले नाहीत? कानांवर आलेत.

तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही जाणंच रद्द केलं असतं, म्हणून हे लिहून ठेवून शेजारी जाऊन बसते. तिला मी सगळं कळवलंय. सकाळची पहिली खुर्ची तिने तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.

आणि लॉजवर भाड्यावरून घासाघीस करू नका. खोलीचं भाडं, त्या खिडकीसकट, तिने भरून टाकलंय.