डॅशबोर्डखालची काळी डबी

मंगळवार, संध्याकाळ

गाडी आज पुन्हा सुरू झाली नाही. महिन्यात चौथ्यांदा! नवऱ्याचं, सुहासचं, ठरलेलं वाक्य, "लाइट चालू ठेवून येतेस, दुसरं काय."

शेवटी द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिक रफिकभाईंना बोलावलं. मीटर लावून ते एकेक फ्यूज काढत गेले. बंद गाडीतही करंट जात होता. डॅशबोर्डखालून काळी डबी निघाली.

"ताई, हा ट्रॅकर. गाडी कुठं जाते ते मोबाइलवर दिसतं. हाच बॅटरी खातोय."

म्हणजे वणीला आईकडे मी किती वेळ थांबले, ते नवऱ्याला असं कळायचं? आणि महिनाभर वेंधळी मी?

सुहास आल्यावर डबी त्याच्या चहाशेजारी ठेवली.

"काळजीपोटी लावली गं."

मी त्याच्याकडची गाडीची दुसरी किल्ली मागितली. माझ्याकडे न बघता त्याने दिली.