दोनशे वर्षांच्या मेंढपाळांचे नवे कपडे

३ नोव्हेंबर, सकाळी ७
उठल्याबरोबर कपाट उघडून सगळ्यांची विचारपूस केली. म्हाताऱ्या मेंढपाळाची मान बरी आहे. कोळिणीचं बोट अजून ढिलंच. तिन्ही राजे ठणठणीत. बैलाचं चिकटवलेलं शिंग धरलंय. बायको नुनत्सिया आतल्या खोलीतून म्हणाली, माझ्या डोळ्यांचं कधी विचारणार? या वयातही थट्टा सुचते बाईला.

रविवारी कापेचे आडनावाचे वकील येणार, नाताळच्या प्रदर्शनासाठी येशूजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती निवडायला. त्यांनी मान डोलावली की नेपल्समध्ये माणूस संग्राहक ठरतो. माझ्या एकोणतीस मूर्ती, सगळ्या दोनशे वर्षांच्या. नुनत्सियाला शब्द दिलाय, पाटीवर दोघांचं नाव लागेल. तिला दिसतंय तोवर दाखवायचं.

५ नोव्हेंबर
ठराव : बायकोवर ओरडायचं नाही. नऊपर्यंत पाळला. मग ती शिवत असलेल्या राजाच्या नव्या झग्याचा टाका वाकडा आला. शेजारीण सांगून गेली की डॉक्टरांनी हिला शिवण बंद सांगितलंय. डॉक्टरांना रेशमातलं काय कळतं! सहाच झगे राहिलेत. दिवा जवळ सरकवून दिला. बायकोचं इतकं करणारा गल्लीत दुसरा नाही.

८ नोव्हेंबर
मूर्तींच्या जुन्या कपड्यांचं शेवटचं गाठोडं ब्रश पुसण्यात संपलं. विटकं, कसर लागलेलं रेशीम. नुनत्सिया पहिल्यापासून म्हणायची, "असू द्या ना अंगावर, त्यांचेच आहेत ते." आठ वर्षं समजावतोय, पाहुण्यांसमोर कुणी फाटक्यात बसतं का?

९ नोव्हेंबर, रविवार
वकील आले. कॉफी घेतली. एका राजाचा झगा वर करून पाहिला, मग दुसऱ्याचा. मूळचे कपडे कुठे, म्हणाले. डोकं मातीचं, अंग ताग आणि तारेचं, कपडे गेले तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हिने फेकले. संसारात वेळ सांभाळून न्यावी लागते. नुनत्सिया कप गोळा करायला लागली. शहाणी आहे.

शेवटी वकील म्हणाले, "बैल तेवढा द्या. त्याला कपडे नसतात, म्हणून वाचला."

म्हणजे निवड झाली! नुनत्सियाने विचारलं, शिवणारणीचं नाव कुठे येणार?

"बाई, ते कुणाला न कळलेलंच बरं."

विनोदी माणूस. मी मोकळेपणाने हसलो.

१२ नोव्हेंबर
नुनत्सिया सालेर्नोला मुलीकडे गेली. हवापालट. जाताना सगळे झगे चाचपून चाचपून उतरवले आणि टोपलीत घालून नेले. धुवायचे असतील.

६ डिसेंबर
प्रदर्शन पाहिलं. बैल उठून दिसतो. पाटीवर फक्त माझं नाव. जागा कमी असणार.

मुलीचं कार्ड आलं. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणते. मुली वाढवून सांगतात. उत्तर धाडलं, ते इथे उतरवून ठेवतो :

'नुनत्सिया, इकडे थंडी पडलीय आणि अठ्ठावीस जण उघडे आहेत. झगे घेऊन ये. राग सोड, मी सोडलाय. मुलीकडून लिहून घेऊ नकोस, तिचं अक्षर मला लागत नाही. तुझ्या हाताने दोन ओळी लिही, आणि लवकर लिही.'