नवा कॉम्प्युटर न पाठवण्याबाबत

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

इकडे माझी पाठ आणि तुमच्या सासूबाईंचे गुडघे जसे असायचे तसे आहेत. बिघडलाय तो कॉम्प्युटर. तुमचा खोकला कसा आहे? (काल फोनवर चारदा ऐकला.)

'अपडेट तयार आहे' असं कॉम्प्युटर म्हणाला, 'करून टाका, बाबा' असं तुम्ही म्हणालात, आणि मी करून टाकलं. तेव्हापासून तो दर वीस मिनिटांनी निळा पडतो, माफी मागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. प्रिंटरला ओळखही दाखवत नाही. मग पहिल्या अपडेटने केलेलं निस्तरायला दुसरं आलं, त्याने आवाज घालवला. तीन आठवडे तुम्ही रोज साडेसहाला, ऑफिसातून आल्याआल्या, चहासुद्धा न घेता तासभर फोनवर 'आता काय दिसतंय?' विचारताय. (मी सव्वासहापासूनच खुर्ची ओढून बसलेला असतो.) आता वैतागून नवाच कॉम्प्युटर पाठवतो म्हणालात. कृपा करून पाठवू नका. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

एक कबुलीही द्यायची आहे. जावयाला तोंडावर 'नाही' म्हणणं मला जमत नाही. 'डावीकडे खाली चौकोन आला?' असं तुम्ही विचारलंत की, आलेला नसला तरी मी 'आला' म्हणायचो. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस मी. 'दाबलंत?' 'दाबलं.' (टेबलावर दाबायचो, अगदीच खोटं नको म्हणून.) सेफ मोडमध्ये आपण दोघं आठवडाभर होतो, असं तुम्ही समजता, मी तिथे एकदाही गेलेलो नाही. परवा तुम्ही हताश होऊन 'असं व्हायलाच नको' म्हणालात, तेव्हा मला तुमची फार दया आली. तुमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, खरं काय ते सांगून टाका एकदाचं. जावयांचं डोकं फिरायची वेळ आलीय." मलाही आता या खोटेपणाचा शीण आला आहे. लेकीला आशीर्वाद सांगा, आणि राग मानू नका.

तुमचा
सासरा

ता. क. कॉम्प्युटर गेल्या मंगळवारीच नीट झाला. तुमच्या सासूबाईंनी दोन्ही अपडेट काढून टाकली. तसं बटणच होतं म्हणे. त्यानंतरच्या चार फोनांतले बिघाड मी मनाने रचले.

ता. क. २ निवृत्त झाल्यापासून तुमच्याखेरीज माझ्याशी रोज तासभर कुणी बोललेलं नाही. साडेसहाचा फोन बंद करू नका. विषय नसला तर दोघंही थोडा वेळ गप्प बसू.