काकूच्या मांडीवर

आई, सकाळपासून चहा टाकतेय आणि प्यायचा विसरतेय. उद्या कोर्टात न्यायाधीशबाई माझ्या मुलीला एकटीला आत बोलावून विचारणार आहेत, आईकडे राहायचं की बाबांकडे. तेरा वर्षांची आहे, कळती आहे, म्हणून तिला विचारायचं. मी बाहेर बाकावर बसायचं. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय, आवरलेलीच कपाटं पुन्हा आवरतेय आणि तुझ्यावर चिडतेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला तूच सापडतेस.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं साल असावं. संपात बाबांची गिरणी गेली ती गेलीच. जोगेश्वरीच्या त्या एका खोलीत आम्ही तिघं भावंडं, आणि अंधेरीला धाकट्या काका-काकूंना मूल नाही. सख्ख्या भावाला मूल दत्तक द्यायचं, यात आपल्याकडे जगावेगळं काही नव्हतं. मुलगे द्यायचे नव्हते, म्हणजे राहिले मी. "तशी ती एक दिवस जायचीच आहे ना?" बाबा तुला म्हणाले. "आणि लांब कुठे चाललीय, अंधेरीलाच तर." तू भाकरी थापत राहिलीस. तू बोलली नाहीस, म्हणजे तुझा होकार आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं. बाईचा होकार घरात असाच धरला जायचा, वेगळा विचारायची पद्धतच नव्हती.

तो दिवस मला आत्ता समोर दिसतो. तू स्टोव्हपाशी वडे तळते आहेस, काळ्या वाटाण्याचं सांबारं झालेलं आहे. भटजी आलेत. काकांच्या ओळखीचे एक वकीलही आलेत, पुढे कागद पक्के करायला. मला नवा फ्रॉक. बाबा मला उचलून काकूच्या मांडीवर ठेवतात. नऊ वर्षांची घोडी मी, पाय जमिनीला टेकताहेत. काकूला माझं ओझं होतंय, तरी तिनं घट्ट धरलंय. इतक्यात वकील सहज विचारतात, "आईची संमती आहे ना?"

"आहे, आहे," बाबा म्हणतात.

"तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या. कायद्यानं आईचा होकार लागतो."

काका हसतात. "अहो, बापानं दिली ना मुलगी!"

"बापच देतो. पण आई नको म्हणाली, तर त्यालाही देता येत नाही."

हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. तू हातात झारा तसाच घेऊन उठलीस. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "हो म्हण गो." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "नाय. माझ्या चेडवाक खाली उतरवा." काकू म्हणाली, "वहिनी, मी जपेन हो तिला." तू पुन्हा नुसतं "नाय" म्हणालीस. मग काकूनं आपणहून हात सोडले. भटजींनी सामान आवरलं. जेवायला कुणी थांबलं नाही. ते वडे शिळे होईपर्यंत आपणच खात बसलो.

काकांनी येणं-जाणं तोडलं. बाबा कित्येक महिने तुझ्याशी धड बोलले नाहीत. तू अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जायला लागलीस. आणि मी अभ्यासाचा कंटाळा केला, उलट उत्तर दिलं, की तुझं ठरलेलं: "तुझ्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं, आणि तू अशी?" ते ऐकलं की मी पुस्तक उघडून बसायची. तुझा एक हक्क होता, तो तू बजावलास, छान केलंस. पण त्याला लायक मुलगी होऊन दाखवायचं काम माझ्यावर पडलं. मला कधी साधं उनाड होता आलं नाही, आई. याचा राग अजून जात नाही.

माझ्या वकीलबाईंनी बजावलंय, मुलीला काही पढवू नका, लगेच कळतं. मी पढवत नाही. दुपारी फक्त तिच्या आवडीची कोळंबी केली, तर म्हणाली, "मम्मी, लाच देतेस काय?" आणि खोखो हसली. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. बाबांनी नाही, वकिलांनी नाही, तूही नाही. विचारलं असतं, तर मी काकूकडे जाते म्हटलं असतं. तिच्या घरात कुणी भांडत नव्हतं आणि केस विंचरताना ती घाई करत नसे. तुझ्यावर माझा जीव होता, त्या दिवशीही तेवढाच होता, आणि तरी मी गेले असते. तुला ते ऐकवलं नसतं, म्हणून कधी सांगितलं नाही. हे लिहितेय तो कागदही आता फाडून टाकणार आहे. उद्या माझी मुलगी तिच्या बाबांकडे म्हणाली, तर तिचा माझ्यावर जीव नाही असं नव्हे, हे मला सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी मलाही ते ऐकवणार नाही.